पानाच्या तळाशी कोकिळा

आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेत वधू आणि वर बाराव्या पानावर सुरू होतात. पहिल्या अकरा पानांवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, माजी अध्यक्ष, सल्लागार आणि शुभेच्छुक असतात. शुभेच्छुक म्हणजे ज्यांना पद देता आलं नाही, पण ज्यांचा रुसवा परवडणार नाही, अशी माणसं. लग्नपत्रिकेत तीन पिढ्यांची नावं छापून झाल्यावर मुहूर्ताला जशी कोपऱ्यातली जागा मिळते, तसंच हे. आम्हाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. म्हणून दोन हजार सहा साली अक्षय तृतीयेला समाजाची वेबसाइट सुरू झाली, तेव्हा मी एकतीस माणसं तिच्या डोक्यावर बसवली.

वेबसाइट मीच केली होती. आर्वीत आमचं कापडाचं दुकान आहे. कॉम्प्युटर आणला तो बिलं करायला, पण माझे यजमान प्रभाकरराव त्याला हात लावताना कुत्र्याला लावावा तसा लावत, चावेल की काय अशा बेताने. तेव्हा तो माझ्या वाट्याला आला. मी दहावी पास. वर्ध्याहून एक पुस्तक आणलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा शिकत बसले. पुस्तकात अडलं की दुसऱ्यांच्या वेबसाइटी आतून पाहायचे. ब्लाउज उलटा करून शिलाई बघतो ना, तसं. बाहेरून किती का झगमग असेना, आत सगळ्यांचे दोरे लोंबतच असतात, हे कळल्यावर माझी भीती गेली.

पान उघडलं की सनई वाजायची. दोन्ही बाजूंना तोरणं लुकलुकायची. वरून झेंडूची फुलं पडायची. मग अध्यक्ष पुंडलिकरावांचा फेट्यातला फोटो, त्यांच्या मागे बाकीचे तीस, मग मुलं, मग मुली, आणि शेवटी 'पुनर्विवाह' म्हणून एक लहानसा रकाना. त्या रकान्यात तीन पुरुष आणि एक बाई.

ती बाई कोकिळा. रोहण्याची. आमच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम ती करायची. दर शनिवारी एसटीने साड्यांचा गठ्ठा घेऊन यायची, दुसरा घेऊन जायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही, सासरच्या घरामागच्या खोलीत ती आणि तिची शिलाई मशीन. वेबसाइट सुरू झाली त्याच आठवड्यात गठ्ठा सोडता सोडता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वहिनी, त्याच्यात माह्यं नाव टाकता काय?"

"टाकतो ना. काऊन नाई?"

"सगळ्यात खाली टाकजा. वर नोका टाकू. ज्याले पाहाचं असन तो येईन खालपर्यंत."

"बरं."

"अन् तुळशीच्या लग्नापर्यंतच ठेवजा. तोवर कोणी आलं नाई तं काढून टाकजा. लोकाईले हासायले कायले ठेवा?"

मी दुकानाच्या कात्रीवर हात ठेवून कबूल केलं. कापडवाल्यांत यापेक्षा मोठी शपथ नसते. मग मजकूर विचारला, तर बाकीच्या मुली 'गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ' लिहून देतात, आणि हिने सांगितलं, "लिहा. वय सदतीस. शिवणकाम येते, दुसरं फारसं येत नाई. चष्मा आहे. चहा गोड लागतो. खोटं बोललेलं कळतं." मी जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दुकानाचा फोन नंबर दिला.

कोकिळेच्या बरोबर खाली मी एक मीटर बसवलं होतं. पानाच्या तळापर्यंत कोणी पोचलं की त्यातला आकडा एकाने पुढे सरकायचा. दसऱ्याला तो चौसष्टवर होता. चौसष्ट माणसं कोकिळेपर्यंत आली आणि एकालाही फोन करावासा वाटला नाही, म्हणून मी मनातल्या मनात साऱ्या समाजावर रुसून बसले होते.

दसऱ्याच्या खरेदीला तळेगावचा योगेंद्र आला. त्याचं तिकडे नेट कॅफे आहे, तीन कॉम्प्युटर आणि एक कूलर. पॅन्टपीस चाचपत म्हणाला, "काकू, रागावसान नाई तं एक सांगू? तुमचं पान पाहाले लोक माह्याकडं येते, अन् पुंडलिकरावाले पाहून जाते."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी सनई अडखळते. मंग फेटा उतरते, एकेक पट्टी. मंग कपाळ. तासाभरात दहा-बारा सल्लागार येते. तोवर त्याचा टाइम सरते नाई तं लाइट जाते."

"काहीतरी बोलू नको. माह्या इथं तं चुटकीत उघडते."

"तुमच्या इथं उघडनच. तुमच्या कॉम्प्युटरनं सारं साठवून ठेवलं हाय. घरच्या बाईले पंगतीत बसा लागते काय? ते रांधता रांधताच खाऊन घेते. पाहुण्याचं पाहा ना तुम्ही, तो पत्रावळ घेऊन बसलाच हाय."

योगेंद्रने पॅन्टपीस बाजूला ठेवला. "एक जण तं चार खेप आला. मोटर वाइंडिंगवाले रूपराव. बायको जाऊन सहा वर्षं झाली त्याईची. मले विचारे, या अध्यक्षाच्या खाली काही हाय काय, का हेच हाय?"

तो गेल्यावर मी हिशेब मांडला. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी दुकान झाडून झालं की मी पान उघडून एकदा डोळे भरून पाहायचे. त्या चौसष्टांतली साठ तरी मीच होते. म्हणजे पाच महिने मीच कोकिळेला पाहून जात होते, आणि तिला पसंत करत नाहीत म्हणून मीच रागावत होते.

तुळशीच्या लग्नाला महिना राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने तळेगावला गेले आणि योगेंद्रच्या कॅफेत पाहुण्यासारखी बसले. सनई दोन सूर काढून थांबली, पुन्हा दोन सूर काढून थांबली, उचकी लागल्यासारखी. मग फेटा आला. फेट्याचा तुरा यायला लागला तेवढ्या वेळात मी पर्समधली सुपारी कातरून खाल्ली. भुवया आल्या. मिशी आली. माजी अध्यक्षांच्या टोपीपर्यंत पोचले आणि लाइट गेली. योगेंद्र म्हणाला, "पैसे राहू द्या काकू, तुम्ही तं काही पाह्यलंच नाई."

कोकिळेला वर हलवलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण कात्रीवर हात ठेवला होता. तिला खालीच ठेवायची तर वरचं ओझं कमी करायला हवं, आणि वरचं ओझं म्हणजे एकतीस मानाची माणसं.

रविवारी पुंडलिकरावांकडे बैठक बोलावली. पुंडलिकराव चौऱ्याहत्तरचे, सडसडीत, तुरेवाल्या फेट्याशिवाय फोटो न काढणारे. मी म्हटलं, "काकाजी, पान लई जड झालं. फोटो थोडे उतरवा लागतीन."

मग सल्लागार नानाजींनी विचारलं, "कोणाचे?"

"सारेच. वेगळ्या पानावर ठेवू."

"अध्यक्षच काढला तं पानाले मालक कोण?" पुंडलिकराव म्हणाले. "लोक म्हणतीन, बेवारशी हाय." थोडा विचार करून त्यांनी समजुतीने वाट काढली, "फेट्यानं जड होत असन तं मी टोपीतला देतो."

"मी तं बोडकाच आहो," नानाजी म्हणाले. "माहा जड होयाचा सवालच नाई. माहा काऊन काढता?"

फोटोचं वजन डोक्यावर काय घातलं यावर नसतं, हे मी तीन प्रकारे सांगून पाहिलं. कोकिळेचं नाव काही काढलं नाही. सगळ्यात खालच्या बाईसाठी सगळ्यात वरच्या माणसांना हलवतेय म्हटलं असतं तर बैठक वेगळ्याच वाटेने गेली असती. शेवटी ठराव झाला: फोटो काढू नयेत, पान हलके करावे. एकमताने मंजूर. पुंडलिकरावांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, चहा देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच.

घरी येऊन मी एकतीसच्या एकतीस फोटो कोपऱ्याला धरून आत ढकलले आणि पोस्टाच्या तिकिटाएवढे केले. एक तास लागला. मोठी हुशारी केली असं वाटून तळेगाव गाठलं. फेटा आता बोटाच्या पेराएवढा होता, पण उतरत होता त्याच चालीने. उलट आधी निदान मोठा दिसायचा. आता एवढ्याशा फेट्यासाठी एवढा वेळ बसायचं म्हणजे पाहणाऱ्याचा अपमानच. योगेंद्रने या खेपेलाही पैसे घेतले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

दिवाळीच्या आधी मनकर्णाबाई लुगडं घ्यायला आल्या. त्या अजून नऊवारीच नेसतात. मी सात-आठ उलगडून दाखवली, त्यांनी हिरवं पसंत केलं. मी घडीवर घडी घालत ते पार वहीएवढं केलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हातावर तोललं. "पाह्य व माय. घडी येवढीशी, पण वजन तं नऊ वाराचंच."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"काय झालं? काही चुकीचं बोलली काय मी?"

"नाई काकू. बरोब्बर बोलल्या."

मी फोटोंच्या घड्या घातल्या होत्या. कापलं काहीच नव्हतं. पान दिसायला तिकिटाएवढं, आणि तारेवरून यायचं अख्खं लुगडं, एकतीस वेळा. आमच्याच दुकानात सूटिंगचं नमुन्याचं पुस्तक आहे. गिऱ्हाईकापुढे आम्ही ताके ओतत नाही; बोटभर तुकडे दाखवतो, त्यातला एक आवडला की मगच ताका खाली येतो. वीस वर्षं हे करत आलेल्या बाईला तेच कॉम्प्युटरात सुचू नये?

मनकर्णाबाई लुगड्याची पिशवी मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "सुमित्रा, खरं सांग. त्या पानाच्या खाली कोण हाय?"

मी सांगितलं, आणि फोटो कापावे लागतील हेही सांगितलं.

"असं वाटलंच मले. त्या दिवशी तू फोटोसाठी नव्हती भांडून राह्यली." पिशवीचे बंद त्यांनी दोनदा बांधले, दोनदा सोडले. "माह्या आत्याचा पाट लागलता, दुसरं लग्न. मी लहान होती. सारं गाव जेवलं, कोणी नाक नाई मुरडलं. आता आपण लई सुधारलो, म्हणून लपवा लागते. तू काप. आमच्या घरच्याईचं मी पाहतो."

तीन दुपारी मी कापत होते. एकेका फोटोचा नखाएवढा तुकडा वेगळा काढला, तो पानावर लावला, आणि तुकड्यावर दाबलं तरच अख्खा फोटो येईल असं केलं. पान कुठल्या कुठे हलकं झालं. आता कोण अडवतं म्हणून पुन्हा तळेगावला गेले, तर फोटो यायच्या आधीच पान अडून बसलेलं.

"फोटोचं काम झालं काकू," योगेंद्र म्हणाला. "आता सनई राह्यली. बारीक नळ हाय आपला. सारं पाणी आधी तेच पेते."

सनई माझी होती. ती कोणी सांगितली नव्हती, ठरावात नव्हती. माझ्या लग्नात बँडवाल्यांची आपसात मारामारी झाली आणि अक्षता टाळ्यांवर पडल्या. तेव्हापासून सनईचा एक कोपरा माझ्या मनात रिकामाच होता. वेबसाइट केली तेव्हा सगळ्यात आधी मी तोच भरला. तीन आठवडे दुसऱ्यांचे फेटे तोलत हिंडले आणि स्वतःची सनई मला जड वाटलीच नव्हती.

परत येताना एसटीत मी खिडकीशी बसून जरा हळहळले, आर्वीचा डेपो येईपर्यंत. मग दुकानात जाऊन ती काढली. एका फ्लॉपीत कशीबशी मावली. तोरणं काढली, झेंडू काढले. पान अगदी बोडकं दिसायला लागलं, नानाजींसारखं.

चौथ्या खेपेला योगेंद्रच्या शेजारच्या टपरीवर चहा सांगितला आणि पान उघडलं. टपरीवाल्याने कप विसळून चहा भरून आणला, तेवढ्यात मी पुंडलिकरावांपासून कोकिळेपर्यंत उतरले होते. मीटरचा आकडाही हलला. योगेंद्रने आतल्या खोलीत वाकून सांगितलं, "अंजू, अध्यक्षाच्या खाली बाकीचे लोक हाये." त्याची बायको अंजू हातातलं पीठ तसंच घेऊन पाहायला आली.

पुंडलिकराव दुसऱ्या दिवशी दुकानात आले, स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला. पडद्यावर वाकून त्यांनी पाहिलं. "हा मी काय? हा तं साबुदाणा हाय."

"दाबा त्याच्यावर, काकाजी."

त्यांनी बोटाने काच दाबली. मी हळूच माउस दाबला. फेटा, तुरा, मिशी असे अख्खे पुंडलिकराव पडदाभर उघडले. आजूबाजूला कोणी नाही, उपाध्यक्ष नाही, सल्लागार नाही. त्यांनी पडद्यासमोरच मिशीवरून बोट फिरवलं.

"आधी एकतीस जणांत होतो," म्हणाले. "आता एकटाच हावो. हे बरं केलं तू." निघताना पायरीवर थांबले. "घरचे म्हणत होते, खाली रोहण्याची कोणी पोरगी हाय."

"हाय, काकाजी."

"जागा नीट मिळाली ना तिले?" एवढंच विचारून गेले. मनकर्णाबाईंनी काय सांगितलं होतं ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

तुळशीच्या लग्नाला नऊ दिवस होते. मी पान उघडायचं सोडलं. पाहिलं की माझाच एक वाढायचा. तरी एकाआड एक दिवस राहवत नसे. मग पाहायचे आणि एक वजा करायचे. एकोणऐंशी. पंच्याऐंशी. ब्याण्णव. वाढलेली ही सगळी परकी माणसं होती, आणि फोन फक्त ब्लाउजपीसच्या चौकशीचे येत होते.

गुरुवारी दुपारी एक फोन आला. आवाज घोगरा, मागे हातोडीची ठकठक. "ते कापडाचं दुकान हाय ना? मी तळेगावहून रूपराव बोलतो. ते सगळ्यात खालचं वाचलं मी."

"बरं," मी म्हटलं. मला खुर्ची सापडत नव्हती.

"चहा गोड लागते, हे कोणी लिहीत नाई." मग ठकठकीच्या वर आवाज काढून विचारलं, "टॉवेल मिळन काय तुमच्या इथं?"

"शनिवारी या. शनिवारी अकरा वाजता टॉवेल चांगले असते."

शनिवारी रूपराव साडेदहालाच आले. चव्वेचाळीसचा माणूस, धुतलेला शर्ट, आणि नखांत तांब्याच्या तारांच्या वार्निशचा न निघणारा काळा. त्यांनी तीन टॉवेल घेतले, मग आणखी एक घेतला. अकराच्या एसटीने कोकिळा आली. तिला मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गठ्ठा दुसऱ्या कोणाच्या हाती आला असता. गठ्ठा गादीवर ठेवताना तिने ओळखलं, कारण प्रभाकरराव, जे कधी स्वतःहून उठत नाहीत, ते चहा सांगायला उठले होते.

"हे रूपराव," मी म्हटलं. "मोटर वाइंडिंगचं काम करते. पान वाचून आले."

कोकिळेने चष्मा पदराने पुसला, घातला, आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "खालपर्यंत गेलते?"

"पाचव्या खेपेले. आधी चार डाव नाई पोचलो."

"येवढ्या खेपा काऊन केल्या?"

"मोटर जळली तं चार-पाच खेपा होतेच. सवय हाय."

"मी मोटर नोहो."

"नाई," रूपराव म्हणाले. "मोटर चहा नाई पेत."

प्रभाकररावांना तेवढ्यात खोकला आला. चहा आला. कोकिळेने कप हातात धरून विचारलं, "तुम्ही दिवसाले किती पेता?"

"दोन कप."

ती चष्म्यावरून नुसती पाहत राहिली.

"पाच," रूपराव म्हणाले.

कोकिळेने मान खाली घालून फुंकर मारली. तिचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत मी तिचे कान कधी पाहिलेच नव्हते. पदर कायम पुढे असायचा.

तुळशीच्या लग्नाचा दिवस उजाडला. शनिवार नव्हता, तरी कोकिळा आली, हातात गठ्ठाही नव्हता. खुर्चीवर न बसता गादीच्या काठावर टेकली. मधल्या दिवसांत रूपरावांची आई आणि थोरली बहीण रोहण्याला जाऊन आल्या होत्या. आईने म्हणे मशीनवरची शिलाई उलटी करून पाहिली आणि म्हणाली, दोरा लोंबत नाई, पोरगी चांगली हाय.

"वहिनी, आज काढून टाकतो म्हणल्या होत्या ना तुम्ही."

"काढू?"

"काढा आता. बाकीच्याईले उगा खालपर्यंत कायले आणा?"

मी तिच्या समोरच काढलं. पाच ओळी. पान उघडून दाखवलं, आणि मीटरच्या वर आता ते तीन पुरुषच उरले, एकमेकांकडे पाहत असल्यासारखे.

"अन् ते सनई कोठी गेली?" कोकिळेने विचारलं. "सुरुवातीले तुम्ही मले ऐकवलती. लई चांगली होती."

"लई जड होती. फ्लॉपीत हाय."

"वाजवा ना."

ड्रॉवरमधून फ्लॉपी शोधली, फुंकली, घातली. खरखर झाली आणि सनई सुरू झाली. ना फोनची तार, ना अडखळणं. गादीवर पसरलेल्या साड्यांवरून, प्रभाकररावांच्या उघड्या पेपरावरून ती सरळ वाजत गेली. कोकिळा हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मी काउंटरवर बोटाने ताल धरला.

अंतरा वर चढायला लागला आणि लाइट गेली.

दुकानात अंधुक झालं. बाहेर कोणीतरी ऊस ओढत नेत होतं, त्याच्या पाल्याची सरसर ऐकू आली. मी लाइटवाल्यांना दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं, तर कोकिळा उठून पदर सावरत होती.

"राहू द्या वहिनी," ती म्हणाली. "बाकीची मांडवात ऐकू. तुम्ही जरा समोर बसजा."